रेसिडेंट डॉक्टरांचा ताण मोजताना

मेंदू आणि ताण यांवर संशोधन करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एमआरआय येतं. माझा सुरुवातीचा बराच काळ गेला तो कागदांत.

विषय तसा साधा. सलग ड्यूटी झाली की रेसिडेंट डॉक्टरांचं लक्ष किती ढेपाळतं? ताणात मेंदूतली नॉरएड्रिनलीन आणि डोपामिन ही रसायनं प्रमाणाबाहेर वाढली की विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, कमजोर पडतो आणि सवयीचं वागणं पुढे येतं. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी यावर बरंच काम केलंय. मला हेच नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या ड्यूटी रूममध्ये पाहायचं होतं.

तिथले विभागप्रमुख भलतेच उत्साही. म्हणाले, "काळजी नको, आपले सगळे जेआर पाठवतो." जेआर म्हणजे ज्युनियर रेसिडेंट. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीने नेमकं यावरच बोट ठेवलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी आणि हाताखालचे कर्मचारी यांच्या संमतीबद्दल वेगळी काळजी घ्यायला सांगितलंय. ते योग्यच आहे. ज्यांच्या सहीवाचून थीसिस पुढे सरकत नाही, त्या सरांना नाही कोण म्हणणार? मग ठरलं की सरांनी कोणाला सांगायचं नाही, कोण आलं हे त्यांना कळायचं नाही, आणि युनिटचं नाव फॉर्मवर नको.

कमिटीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक सामान्य नागरिकही असतो. आमच्या कमिटीतल्या त्या बाईंनी पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीचा नववा प्रश्न वाचला. तो मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. "रात्री दोन वाजता एखाद्या पोराने यावर खूण केली तर तू काय करशील?" साऱ्या चर्चेतला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच होता. त्यापायी प्रोटोकॉल बदलला. भरलेला कागद तिथल्या तिथे, डॉक्टर खोलीबाहेर पडायच्या आत वाचायचा. संस्थेबाहेरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांना कधीही फोन करायची मुभा घेऊन ठेवायची. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर माहितीपत्रकावर ठळक छापायचा.

परवानगी मिळाल्यावर लाळेचे नमुने. त्यातून कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मोजतात. पण ते घड्याळावर चालतं. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं, मग उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. जो झोपलाच नाही, त्याची 'जाग' कुठून धरायची? शेवटी एकाच माणसाचे, एकाच वेळचे, ड्यूटीनंतरचे आणि सुटीच्या दिवसाचे नमुने ताडून पाहायचे ठरवलं. नमुन्याआधी अर्धा तास चहा नाही, ब्रश नाही. हिरडीतून रक्त आलं तर नमुना बाद. मेसचा चहा समोर दिसत असताना पोस्ट-ड्यूटी माणसाला थांबवून ठेवणं म्हणजे पापच! त्यात मे महिना, पारा पंचेचाळीसच्या आसपास. नळ्या बर्फाच्या डब्यात घालून फ्रीझरपर्यंत पळावं लागायचं. वॉर्डातले मामा एकदा म्हणाले, "काय मॅडम, डॉक्टर लोकांची थुंकी जमा करून राहिल्या काय?"

लक्षाची चाचणी दहा मिनिटांची. पडद्यावर आकडे धावू लागले की बटण दाबायचं, अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला तर ती चूक. कूलर घरघरत असायचा, खसाचा ओला वास, आणि सर्जरीची एक रेसिडेंट डोळे ताणून बसलेली. मध्येच फोन. "सिस्टर, ड्रिप हळू करा, येतेच." चाचणी गेली. पुढे असं झालं की बॅचमेट फोन धरून बाहेर उभा राहायचा. ही सोय मी सुचवली नव्हती, त्यांनीच आपसांत काढली. काही जणांना पडद्यासमोर उघड्या डोळ्यांनी डुलकी लागायची आणि विचारलं तर "नाही मॅडम, जागाच होतो." ते खोटं बोलत नसत, त्यांना खरंच कळत नसे. म्हणून नुसत्या प्रश्नावलीवर माझा फारसा भरवसा नाही.

नमुने जमवून झाले, तसे सर भेटले. "माझ्या युनिटचं सांग, कोण जास्त ताणात आहे?" फॉर्मवर युनिटच नाही हे मी परत सांगितलं. युनिट असतं तरी इतक्या थोड्या लोकांत नाव लपत नाही. ते जरा नाराज झाले. "मग मला काय उपयोग?" मी विचारलं, ड्यूटीचं वेळापत्रक कोण लावतं? ते म्हणाले, सीनियर रेसिडेंट लावतो, मी फक्त सही करतो. गोषवाऱ्याची एक प्रत मी त्यांना द्यायचं कबूल केलंय, आणि एक त्या सीनियर रेसिडेंटला.