घरच्या प्रिंटरवर लग्नपत्रिका: कागदापासून कुंकवापर्यंत

आपल्याकडे गावजेवणाचं लग्न म्हटलं की पाच-सातशे पत्रिका सहज लागतात. तेवढ्या घरी करण्याच्या फंदात पडू नका, त्या तालुक्याच्या प्रेसमध्येच छापा. पण जवळच्या सोयऱ्यांसाठी दीड-दोनशे पत्रिका घरच्या प्रिंटरवर फार सुंदर होतात. त्यासाठी कागद ओळखता आला पाहिजे.

१८० ते २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), चकाकी नसलेला ए४ कागद घ्या. २५० च्या वरचं जाड कार्ड बहुतेक घरगुती प्रिंटर ओढत नाहीत. गुळगुळीत आर्ट पेपर दिसतो छान, पण शाईच्या प्रिंटरला तो चालत नाही. शाई आत मुरतच नाही, वरच राहते आणि बोट लागलं की पुसते.

एका कागदातून दोन पत्रिका निघतात. ए४ आडवा मधोमध कापला की साधारण २१० बाय १४८ मिलिमीटरचे दोन तुकडे होतात आणि तुकडा दुमडला की १०५ बाय १४८ ची पत्रिका. २०० पत्रिकांना १०० कागद, आणि खराब जायला १५ जास्तीचे. हेच माप धरायचं कारण कागदाच्या तंतूंमध्ये आहे. ए४ मध्ये ते बहुधा लांबीच्या दिशेने असतात. या मापात घडी तंतूंच्याच दिशेने येते आणि साफ बसते. अख्खा ए४ दुमडून मोठी पत्रिका केली तर घडी तंतूंना आडवी जाते आणि कडेवर पांढरे तडे पडतात. दुकानातच कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, घडी त्या दिशेने यायला हवी.

घडीआधी रेघ दाबून घ्या. खाली जुनी वही, वर स्टीलची पट्टी आणि हातात संपलेली रिफील. रेघ पत्रिकेच्या बाहेरच्या बाजूने ओढा. चालू रिफील वापरली तर शाईची रेष कायमची राहते.

मार्च ते मे मधलं लग्न असेल तर कागद कूलरपासून लांब ठेवा. कूलरची हवा ओलसर असते. तिच्या झोतात कागद उघडा राहिला की कडा वळतात आणि प्रिंटर एकतर अडकतो, नाहीतर एका वेळी दोन कागद ओढतो. पाकिटातून वीस-वीस कागद काढा, बाकीचे बंद ठेवा. जाड कागद मागच्या ट्रेमधून घाला, कारण तिथून तो कमी वळतो. एक बाजू छापल्यावर अर्धा तास पसरून ठेवा, मगच उलटा. आधी साध्या कागदावर दोन्ही बाजू छापून उजेडासमोर धरा. दोन-तीन मिलिमीटर सरकणं चालायचंच, म्हणून कडेला लागून चौकट टाकू नका.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फाँट पत्रिकेला शोभतो, ल आणि श मराठी वळणाचे येतात. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको, म्हाताऱ्या माणसांनाही वाचता आलं पाहिजे. ‘वऱ्हाडी मंडळी’ हमखास ‘वर्हाडी’ होतं, कारण तिथे साधा र टाइप केलेला असतो. खाली टिंब असलेला ऱ घ्या, त्याला हलन्त लावा आणि मग ह. छपाई दुसरीकडे करायची असेल तर फाइल पीडीएफ करूनच न्या. त्या कॉम्प्युटरवर तुमचा फाँट नसला तर दुसराच लागतो आणि सगळी मांडणी हलते.

आतल्या डाव्या पानावर वधू-वर, तिथी, वार आणि मुहूर्त, उजवीकडे निमंत्रक आणि मामा-काकांची नावं, मागे किलबिल आणि रस्ता. वार आणि तारीख कॅलेंडर हातात घेऊन जुळवा. एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत असतात, तेव्हा मु., पो., ता., जि. पूर्ण लिहा आणि एसटी कोणत्या फाट्यावर थांबते तेही. नकाशाचा क्यूआर कोड टाकलात तरी हा पत्ता गाळू नका, मांडवापाशी नेटवर्क असेलच असं नाही.

चारही कोपऱ्यांत दीड सेंटिमीटर जागा कोरी सोडा, कारण तिथे हळद-कुंकू लागणार. रंगीत शाई बहुधा पाण्याने फुटते, ओलं बोट तिच्यावर टेकलं की फूल असो की नाव, त्याचा डाग होतो. बोटं लावून झाल्यावर पत्रिका रात्रभर सुट्या वाळवा, लगेच गठ्ठा केला तर एकीचं कुंकू दुसरीच्या पाठीला लागतं. अक्षतांचंही तसंच. पुडीत अर्धा चमचा धरला तर दोनशे पुड्यांना साधारण अर्धा किलो तांदूळ पुरतो. हळद-कुंकू पाण्याच्या चार थेंबांत चोळा आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच पुड्या बांधा.

पाच पत्रिका घरात बाजूला काढून ठेवा. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करताना अर्जासोबत पत्रिका लागते, ती नसली तर प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. म्हणून वधू-वरांची नावं लाडाची नकोत, आधार कार्डावर आहेत तशीच छापा, वडिलांच्या नावासकट.