स्टीलवरच्या नॅनो-रेघोट्या: तिसरी पट्टी

लेसरने स्टीलवर अतिसूक्ष्म समांतर रेघोट्या उठवायच्या; त्यांच्यामुळे पट्टीवर रंग दिसतो. ही पट्टी 304 स्टेनलेसची. 1 मायक्रॉनच्या डायमंड पेस्टपर्यंत पॉलिश, मग आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये 10 मिनिटं अल्ट्रासॉनिक. लेसर 1030 नॅनोमीटर, प्रत्येक पल्स 300 फेम्टोसेकंदांची, 100 किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख पल्स. स्पॉटचा व्यास 30 मायक्रॉन, दर पल्सला 1.06 मायक्रोज्यूल, म्हणजे मधोमध 0.3 ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. वेग सेकंदाला 300 मिलिमीटर, त्यामुळे एका रांगेत प्रत्येक जागी 10 पल्स.

दुसरी पट्टी बिघडली ती हॅचमुळे, म्हणजे लेसरच्या शेजारच्या रांगांमधल्या अंतरामुळे. 30 च्या स्पॉटला रांगांमध्ये 20 मायक्रॉन अंतर चालून जाईल असं वाटतं. पण स्पॉटच्या कडेला ऊर्जा उंबरठ्याच्या (रेघोट्या उठायला लागणाऱ्या किमान ऊर्जाघनतेच्या) खाली असते. उंबरठा 0.15 ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर धरला तर रेघोट्या उठतात त्या फक्त मधल्या 18 मायक्रॉनांत (व्यासाचा वर्ग = 2 × स्पॉटच्या त्रिज्येचा वर्ग × ln 2; ln मधले 2 म्हणजे 0.3 भागिले 0.15). दर दोन रांगांमध्ये कोरी, चकचकीत फट राहिली आणि रंग फिकट पडला. आता हॅच 10. रांगा एकमेकींवर चढतात, म्हणून एका जागेचा खरा हिशेब 24 पल्सच्या आसपास जातो. यावर वेग आणखी कमी करू नका. रेघोट्या मोडून खोल चर आणि शंकू तयार होतात, पट्टी काळी पडते.

रेघोट्या उठतात त्या पडणारा प्रकाश आणि खडबडीतपणामुळे पृष्ठभागावर धावणारी प्लाझमॉन लहर (धातूतल्या इलेक्ट्रॉनांची सामूहिक लहर) यांच्या व्यतिकरणातून. पल्स संपल्यावर काही पिकोसेकंदांनी इलेक्ट्रॉनांची उष्णता जालकात (धातूच्या अणूंच्या रचनेत) पोचते. वितळलेला थर पातळ राहतो, त्यामुळे नक्षी वाहून जात नाही. रेघोट्या पोलरायझेशनला (प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राच्या दिशेला) काटकोनात असतात. पॉलिशचे ओरखडे उरले असतील तर त्यांच्यापाशी त्या वाकतात, फाटे फुटतात.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नसेल तर हिरवा पॉइंटर (532 नॅनोमीटर) पट्टीवर सरळ पाडा; रेघोट्या त्याचा काही प्रकाश बाजूला वळवतात. 100 मिलिमीटरवरच्या कागदावर बाजूचा ठिपका मधल्यापासून 67.5 मिलिमीटरवर पडला, म्हणजे कोन 34 अंश आणि रेघोट्यांमधलं अंतर 950 नॅनोमीटर. ठिपका लांबट, पसरट दिसला तर रेघोट्या विस्कळीत आहेत. ठिपकाच नाही आणि पट्टी कलती केल्यावर रंगही बदलत नाही, तर तो बहुतेक ऑक्साइडचा रंग. त्याला नक्षी समजू नये.

फोकस 0.7 मिलिमीटर सरकला की ऊर्जाघनता निम्मी, म्हणजे थेट उंबरठ्यावर. पट्टी वाकडी बसली असेल तर रंग एका कडेला विरतो. क्लॅम्प करण्याआधी चारही कोपरे डायल गेजने बघा.

चौथ्या पट्टीवर अर्ध-तरंग प्लेट (पोलरायझेशनची दिशा फिरवणारी काच) 22.5 अंशांनी फिरवायची. रेघोट्या 45 अंशांनी वळायला हव्यात.