तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून इकारुगा का खेळतो

घरी कोणी पाहुणे आले आणि मी खेळताना दिसलो की हमखास विचारतात, अरे तो काळापांढरा विमानाचा गेम ना, सारखा मरतोस त्यात, मग पुन्हा तोच का लावतोस? ऑफिसातले पण विचारतात आणि माझी भाची तर दर सुट्टीत विचारते. घाईघाईत "आवडतो" एवढंच सांगून सुटतो मी, पण आज नीट सांगतो कारण हा गेम मला खरंच मनापासून आवडतो.

इकारुगा म्हणजे ट्रेझर या जपानी कंपनीचा गेम, २००१ मध्ये तिकडच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या गेम पार्लरमध्ये आला, हिरोशी इउची त्याचा डायरेक्टर. पुढच्या वर्षी ड्रीमकास्ट या घरगुती गेम मशीनवर आला, आता कम्प्युटरवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून आणि निन्टेंडोच्या स्विचवर पण मिळतो. वरून खाली सरकणारा स्क्रीन, खाली तुमचं छोटंसं विमान, वरून शत्रू. इथपर्यंत काहीच नवीन नाही. खरी गोष्ट एका बटणात आहे, ते दाबलं की तुमचं विमान पांढऱ्याचं काळं होतं, पुन्हा दाबलं की परत पांढरं. शत्रू पण काळे किंवा पांढरे आणि त्यांच्या गोळ्या पण. तुमच्या रंगाची गोळी लागली तर काही होत नाही, उलट विमान ती पिऊन टाकतं आणि ताकद साठत जाते, ती वापरली की एकदम बारापर्यंत लेझर सुटतात आणि स्वतःच शत्रू शोधत जातात. दुसऱ्या रंगाची एक गोळी लागली की संपलं. आता यातली मेख बघा, विरुद्ध रंगाच्या शत्रूला मारलं तर त्याला दुप्पट मार बसतो, म्हणजे त्याला पटकन मारायचं तर त्याच्याच गोळ्या तुम्हाला जीवघेण्या असतात, आणि त्याच्या रंगाचं होऊन निवांत उभं राहायचं तर तो लवकर मरत नाही. हा एवढा एकच सौदा आहे, पण तो प्रत्येक सेकंदाला करायचा आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं.

लोकांना वाटतं हे सगळं बोटांच्या स्पीडवर आहे. मला ते पटत नाही, कारण शत्रू दर वेळी त्याच जागी त्याच क्रमाने येतात, नशिबाचा भागच नाही, मेलात तर का मेलात ते तुम्हाला कळतं आणि पुढच्या वेळी त्या जागी आधीच रंग बदलून उभं राहता येतं. आपल्याकडे कॉन्ट्रा खेळलेल्यांना हे लगेच समजेल, कुठून कोण उडी मारणार हे पाठ झाल्यावरच त्यात पुढे जाता यायचं ना, तसंच. फक्त इकारुगात पाठांतर संपलं की पुढे चेनचा खेळ सुरू होतो आणि मला खरी ओढ त्याचीच आहे. एकाच रंगाचे तीन शत्रू लागोपाठ मारले की एक चेन, मग पुढचे तीन एका रंगाचे, मग पुढचे तीन, बोनस १०० वरून दुप्पट दुप्पट होत २५,६०० पर्यंत जातो आणि मध्ये एक चुकीच्या रंगाचा मेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे समोर आलेला शत्रू मारायचा नाही, थांबायचं, कडेला सरकायचं, आधी त्या तिघांना घ्यायचं, असं चालू होतं आणि गोळ्यांचा पाऊस पडत असताना माणूस शांत डोक्याने मोजत असतो. मला दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये हे सुख मिळालेलं नाही.

आणि मला सगळ्यात ग्रेट वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. या गेममध्ये एकही गोळी न मारता स्टेज पार करता येते! बॉसला, म्हणजे स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूला पण ठराविक वेळ असते, तेवढा वेळ टिकलात की तो निघून जातो, आणि असं खेळलात तर गेम तुम्हाला "डॉट ईटर" हा खास किताब देतो. शूटिंगचा गेम बनवायचा आणि शूटिंग न करणाऱ्यालाही मान द्यायचा, हे सुचायला आणि सुचल्यावर निभवायला किती विचार केला असेल या लोकांनी. सगळ्या शेवटी तर मिनिटभर मारून उपयोगच नसतो, नुसतं रंग बदलत जिवंत राहायचं असतं. एकाच माणसाने दोन हातांनी दोन्ही प्लेयरची विमानं एकदम चालवलेले व्हिडिओ आहेत, ते बघाच, मी ते बघताना अजूनही श्वास रोखून बसतो.

एकूण पाचच स्टेज. लहान वाटतो, पण मला ते बरोबर वाटतं, कारण एकेक जागा इतकी घडवलेली आहे की उगाच घुसडलेलं काही कुठेच सापडत नाही. तासन्‌तास लांबवलेले गेम संपल्यावर मला काही आठवत नाही, याच्या पहिल्या स्टेजचा क्रम मात्र झोपेत पण सांगेन.

खेळून बघायचा असेल तर सरळ इझीवर लावा, लाज वाटून घेऊ नका, इझीवर मेलेले शत्रू उलट गोळ्या सोडत नाहीत, नॉर्मलवर तुमच्याच रंगाचा शत्रू मारला की सोडतात आणि हार्डवर सगळेच. सुरुवातीला चेनच्या नादी लागू नका, नुसत्या गोळ्या प्या, रंग बदलायची सवय होऊ द्या. आणि ज्यांचा मॉनिटर उभा फिरतो त्यांनी तो फिरवूनच खेळा, आर्केडमध्ये स्क्रीन उभाच होता.