एल्डरबेरी घ्यावी का?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणीतरी एल्डरबेरी सिरपचा फोटो टाकला आणि लगेच सुरू, इम्युनिटी वाढते, सर्दी पळते, सोलापुरात कुठं मिळेल वगैरे, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

फळ युरोप-अमेरिकेकडचं, करवंदापेक्षाही बारीक, काळंजांभळं, घोसानं लागतं. 100 ग्रॅममध्ये साधारण 36 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि 7 ग्रॅम फायबर, म्हणजे चांगलंच आहे. रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, ते आपल्या जांभळातपण असतंच की.

पण कच्चं अजिबात खायचं नाही हां! बिया, पानं, देठ, हिरवी फळं यात पोटात गेल्यावर सायनाइड सोडणारे घटक असतात. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात पानं-फांद्यांसकट ठेचून काढलेला कच्चा रस पिऊन लोकांना उलट्या झाल्या, हॉस्पिटल गाठावं लागलं. म्हणून तिकडं काटेचमच्यानं घोसातली फळं ओढून काढतात, देठ निवडून टाकतात, पाण्यात चांगली उकळून गाळतात आणि मग साखर, लिंबू, दालचिनी, लवंग घालून सिरप करतात. जॅम नुसत्या एल्डरबेरीचा नीट घट्ट होत नाही, त्यात सफरचंद लागतं. फुलांचं लिंबू घालून सरबत करतात, ते मात्र मला आपल्या उन्हाळ्यात प्यायला आवडेल.

सर्दी-फ्लूवर काही छोट्या अभ्यासांत थोडा फायदा दिसलाय, पण ठाम पुरावा नाही. शुगरवाल्या काकांनी तर आधी बाटलीवरची साखर वाचा. एवढे पैसे घालायचेच तर सांगोल्याची डाळिंबं आणा ना, 'सोलापूर डाळिंब' नावानं जीआय टॅग (त्या भागाच्या मालाची अधिकृत ओळख) मिळालेली, दाणे सोला आणि खा.