माझा चेहरा गोल नाहीच्चे मुळी

रविवार, रात्री साडेदहा

आज दुपारी बाथरूमच्या आरशावर साबणाच्या उरलेल्या तुकड्याने स्वतःचा चेहरा काढला. वेड वगैरे लागलेलं नाहीये, टोपीपायी केलं.

झालं असं की गालांवर वांग आलंय, दोन्हीकडे, पुसट नकाशासारखं. स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या क्रीम लावा, सनस्क्रीन लावा, पण उन्हात उघड्या तोंडाने फिरणार असाल तर क्रीमचे पैसे पाण्यात. आणि टोपी म्हणजे ती क्रिकेटवाली नाही, तिच्यात नाकावर सावली येते आणि गालांच्या बाजू उघड्याच. चहूबाजूंनी कड हवी. नंतर घरी वाचलं की ऑस्ट्रेलियातली कॅन्सर कौन्सिल मोठ्यांसाठी निदान 7.5 सेंटीमीटर कड असलेली टोपी सांगते. स्कूटरवर हेल्मेट आणि स्कार्फ असतोच, त्यामुळे प्रश्न फक्त तळजाईच्या टेकडीवरच्या वॉकचा आणि भाजीला चालत जायचा.

आता लहानपणापासून मला सगळे गोबरी म्हणत आलेत, मावशी तर अजूनही गाल ओढते, म्हणजे चेहरा गोल, यात मला काडीची शंका नव्हती. गोल चेहऱ्याला काय हवं तर उंच माथा, वर चिमटा काढल्यासारखी खाच, कड जरा तिरकी, म्हणजे चेहरा लांब वाटतो. मग ऑनलाइन एक फेडोरा मागवली, काळी. आली, घातली, हॉलमध्ये गेले. चिरंजीव मोबाईलमधून मान वर करून म्हणाले, "आई, तू खंडणी मागायला आलीयेस का?" नवरा हसला नाही, पण पाणी प्यायला आत गेला. वर ती फ्री साइझ. माझं डोकं टेपने 56 सेंटीमीटर भरतं (कानांच्या किंचित वरून, कपाळाच्या मधून टेप फिरवायची), आणि ती सरळ भुवयांवर येऊन बसली. आतल्या पट्टीत कागदाची घडी सारून बघितली, तरी खंडणी ती खंडणीच.

म्हणून मग साबण. केस सगळे मागे घट्ट बांधले, एक डोळा मिटला, मान अजिबात न हलवता आरशातल्या कडेवरून साबण फिरवला. (मान हलतेच, दोनदा पुसावं लागलं.) आणि बाजूला होऊन बघते तर काय, गोल कुठंय? कानापासून रेघ सरळ खाली आलीये आणि मग जबड्यापाशी चक्क कोपरा. शिवणाची टेप आणून खरा चेहराच मोजला, सेंटीमीटरमध्ये. कपाळ 12, गालाची हाडं साडेबारा, जबडा परत 12. चौकोन! गोबरे होते ते गाल, खालचं हाड बाबांचं. इतकी वर्षं आरशात बघतेय आणि हे दिसलं नाही, कारण बघते ते टिकली मधोमध आहे का एवढंच.

मग कपाटातला अल्बम काढला. बाबांचा गांधी टोपीतला फोटो आहे, पुढेमागे टोक, मधे कडक घडी, त्यात बाबा इतके करारी दिसतात की शेजारची मुलं घाबरायची ते उगाच नाही. आणि माझ्याच लग्नात फेटा बांधलेले बाबा, तेच डोळे, तोच जबडा, पण माणूस एकदम मवाळ. मला आजवर वाटायचं लेकीच्या लग्नात हळवे झाले म्हणून. असतीलही. पण फेट्याचे पीळ गोल गोल फिरतात ना, त्यांनी खालचा कोपरा मोडला होता, हे आज साबणामुळे कळलं.

तर संध्याकाळी तुळशीबाग. गोल माथा आणि मऊ, जरा खाली झुकणारी कड एवढंच डोक्यात ठेवलं. पहिली घातली ती बारा-तेरा सेंटीमीटर कडेची, फोटोत झकास दिसेल अशी, पण मी पाच फूट एक इंच, दुकानातल्या आरशात फक्त तोंड दिसतं म्हणून बाहेरच्या काचेत पूर्ण बघितलं तर सरळसरळ कुत्र्याची छत्री. दुसरीची वीण इतकी विरळ की उजेडाकडे धरली तर चाळणी, तिचा उन्हाला काय उपयोग. अंबाडाही आड येत होता, क्लिप काढून केस मानेवर खाली बांधले तेव्हा कुठे टोपी नीट बसायला लागली. दुकानदार म्हणाला, "ताई, पनामा बघा, ओरिजिनल." पनामा टोप्या मुळात इक्वाडोरच्या असतात आणि अडीचशे रुपयांत तर नक्कीच येत नाहीत, पण वाद नाही घातला. शेवटी घट्ट विणीची सुती, फिक्या बदामी रंगाची घेतली, कड आठ सेंटीमीटर, चष्म्याच्या दांड्यांनाही लागत नाही.

घरी आल्यावर चिरंजीव फक्त "हां, ही चालेल" म्हणाले. फेडोरा परत करायची मुदत संपलीये, ती त्यालाच दिली. त्याचा चेहरा लांबुडका, त्याला तीही शोभणार नाही, पण ते मी कशाला सांगू.

टेकडीवर वारा फार असतो. हनुवटीखालून दोरी शिवायची राहिलीये, उद्या चहा उकळेपर्यंत शिवून टाकते.