सॅम फेडिडा, टीव्ही आणि फोनचं बिल

सॅम फेडिडा हे नाव ऐकलंय का? आमच्या ऑफिसातल्या आयटीवाल्या पोरांना विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं. आणि ह्या बाबाने, ही पोरं जन्मायच्या कितीतरी आधी, बातम्या, शेअरचे भाव, गाड्यांच्या वेळा हे सगळं घरच्या टीव्हीवर आणायचा घाट घातला होता.

जन्म 1918 चा, इजिप्तमधला. महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारचं काम, मग इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनी, आणि 1970 मध्ये, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर, ब्रिटिश पोस्टाच्या संशोधन विभागात. तिकडे तेव्हा टेलिफोनही पोस्टाकडेच होते. आणि त्यांची अडचण काय, तर लोकांच्या घरी फोन आहेत पण ते वापरतच नाहीत, वायर टाकून बसलोय आणि बिल काही वाढत नाही! हे वाचून मला जाम हसू आलं, कारण त्याच काळात आपल्या मुंबईत फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते आणि लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर टाकून पुढे पीपी, म्हणजे फोन दुसऱ्याचा, आम्हाला बोलावून द्या, असं लिहीत होते.

तर फेडिडाचं म्हणणं असं की घरात टीव्ही आहे, फोन आहे, दोघांना जोडा आणि पलीकडे एक कॉम्प्युटर बसवा. ह्याला त्याने व्ह्यूडेटा म्हटलं. हातात रिमोटसारखं आकड्यांचं कीपॅड, स्क्रीनवर मेनू, 3 दाबा, मग 5 दाबा, की हवं ते पान समोर. एका ओळीत 40 अक्षरं, अशा 24 ओळी. येणारा डेटा सेकंदाला 1200 बिट, आणि जाणारा फक्त 75, कारण माणूस आकडे दाबणार ते किती दाबणार! मला ह्यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, की त्याने कॉम्प्युटरवाल्यांसाठी नाही, सोफ्यावर बसलेल्या माणसासाठी डिझाइन केलं.

1979 मध्ये हे प्रेस्टेल नावाने लोकांसाठी सुरू झालं. आणि मग पोस्टाने पोस्टासारखंच वागून दाखवलं. फोन कॉलचे पैसे वेगळे, दिवसा जोडून राहिलात तर मिनिटांचे वेगळे, काही पानं उघडली की त्या पानाचे वेगळे, आणि ते दाखवू शकणारा टीव्ही महागडा तो वेगळाच. आता सांगा, पान उघडताना मीटर पडतंय म्हटल्यावर कोण निवांत चाळत बसेल? ग्राहक लाखापर्यंतही पोचले नाहीत.

मित्राशी ह्यावरून माझा वाद झाला, तो म्हणतो टेक्नॉलॉजीच स्लो होती, चालणार कशी. अरे पण फ्रान्सचं मिनिटेल, म्हणजे त्यांचं प्रेस्टेलच म्हण, ते बघ ना! तेच 1200 आणि 75, तशीच ठोकळ्याठोकळ्यांची अक्षरं, आणि ते 30 जून 2012 पर्यंत चाललं. फरक एवढाच की फ्रेंचांनी यंत्र लोकांच्या घरी फुकट दिलं, छापील डिरेक्टरीच्या ऐवजी हे घ्या म्हणून. पैसे त्यांनीही मिनिटावर घेतले, भरपूर घेतले, पण आधी घरात तर शिरू दिलं.

आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल ह्या सरकारी कंपनीने इंटरनेट सुरू केलं तेव्हाही तेच, 250 तासांचे 5,000 रुपये, वर फोनचं बिल आहेच, आणि एवढं करून स्क्रीनवर नुसती अक्षरं, फोटोबिटो विसरा. तेव्हाच्या 5,000 मध्ये मुंबईतल्या कितीतरी घरांचा महिना निघायचा.

फेडिडा 2007 मध्ये गेला. त्याची आयडिया बरोबरच होती असं माझं ठाम मत आहे, दरपत्रक ठरवणाऱ्या मीटिंगमध्ये कोण कोण बसलं होतं ते मात्र मला बघायला आवडलं असतं.