केचिकनचा ओढा

आज जहाज केचिकनला लागलं. अलास्कातल्या या गावाला बाहेरून रस्ताच नाही; यायचं तर बोटीने, नाहीतर विमानाने. सकाळपासून पावसाची रिपरिप, अगदी कोकणातल्यासारखी. क्रीक स्ट्रीटवर लाकडी खांबांवर उभी घरं, खाली ओढा आणि ओढ्यात सामन मासे! जिथे जन्मले तिथेच अंडी घालायला समुद्रातून परत निघालेले. एकाच्या पाठीवर कुबड आलेलं, शेपटीची कड झिजून पांढरी पडलेली. दोनदा प्रवाहाने मागे लोटला, तिसऱ्यांदा दगड ओलांडून गेलाच. अर्धा तास कठड्याला टेकून मी तेच बघत राहिले. इथल्या मूळनिवासी त्लिंगित लोकांचे कोरीव टोटेम खांब मग धावतपळत पाहिले, त्याची हळहळ आहे. उद्या पुढचं बंदर, जुनो. आईला फोनवर आधी त्या माशाचंच सांगितलं.